बातम्यांमधलं बायबल समजून घ्यायचंय, सुरुवात कुठून करू?

पानगळ

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकते, धर्मांतराचा विचार नाही. आईलाही हेच सांगून झालंय.

झालं असं की भाचा ओहायोत असतो. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स टीव्हीवर म्हणाले की ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपली वस्ती, मग देशबांधव, आणि त्यानंतर बाकीचं जग. कोणी हरकत घेतली तर म्हणाले, ‘ओर्दो अमोरिस’ (लॅटिन, म्हणजे प्रेमाचा क्रम) गुगल करा. १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिसनी अमेरिकेतल्या बिशपांना पत्र लिहून सांगितलं की प्रेमाचा खरा क्रम कळायला चांगल्या शोमरोन्याची गोष्ट वाचा. भाचा व्हान्सच्या बाजूचा, आमचे हे पोपच्या. तेव्हापासून दर रविवारी कॉलवर जुंपते. दोघांपैकी एकानेही बायबल उघडलेलं नाही. मीही नव्हतं.

म्हणून परवा काढलं. सासऱ्यांना कोणीतरी दिलेली प्रत आहे, काळं कव्हर, पानांच्या कडा लाल. पहिल्या पानापासून सुरुवात केली. उत्पत्ती झकास. निर्गममध्ये समुद्र दुभंगेपर्यंत मजा आली, मग निवासमंडपाची मापं सुरू झाली. इतके हात लांब, इतके हात रुंद, बाभळीचं लाकूड. लेवीयमध्ये होमबलीच्या चरबीपाशी पुस्तक मिटलं.

तर विचारायचं ते हे. मराठीत कोणतं भाषांतर घ्यावं? सोबत वाचायला असं काही आहे का, जे प्रवचनही नाही आणि टिंगलही नाही? आणि बातमीत कोणी वचन फेकलं तर ते बरोबर वापरलंय की नाही हे माझ्यासारखीने कसं ओळखावं?

नगरी_मिसळ

पहिल्या पानापासून वाचायला घेतलेले सगळे लेवीयमध्येच गळतात, आमच्यातलेसुद्धा. हे एक पुस्तक नाही, कपाट आहे. कपाट कोणी वरच्या फळीपासून वाचत नाही.

मी नगरची (नवं नाव तोंडात बसायचंय अजून), चौथ्या पिढीची ख्रिस्ती. तुमच्याकडे आहे ती प्रत बहुतेक बायबल सोसायटीचीच असणार, आमच्या घरात तीच. भाषा जरा जुनी आहे, पण सगळं मराठी ख्रिस्ती जग त्याच भाषेत प्रार्थना करतं, त्यामुळे ती कानावर असलेली बरी. एक धोक्याची सूचना. त्यात ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक आहे. ते भाषांतर नव्हे, ते मोशेचं पाचवं पुस्तक. नियमशास्त्र पुन्हा सांगितलं म्हणून अनुवाद. आमच्या कॉलेजात एकाने निबंधात ‘अनुवाद १०:१९’ बघून ‘भाषांतर, पान १०’ असं लिहिलं होतं.

क्रम असा घ्या. आधी मार्क, एका बैठकीत. सोळाच अध्याय आहेत, दीड तासात होतो. मग लूकचा दहावा अध्याय, तुमच्या घरच्या भांडणासाठी. मग रूथ, चार अध्यायांची गोष्ट, मवाबी सुनेची. मग आमोस. आमोस वाचताना वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटेल, गरिबाला पायतणाच्या जोडासाठी विकणारे लोक आहेत त्यात. लेवीयला परत जा, पण थेट एकोणिसाव्या अध्यायाला. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे येशूचं नवं वाक्य नाही, ते तिथलं आहे. सोळा ओळी खाली तेच परक्याबद्दल सांगितलंय, कारण ‘तुम्हीही मिसर देशात (म्हणजे इजिप्तमध्ये) परके होता’. व्हान्स आणि पोप यांच्या भांडणाचं मूळ त्या एका पानावर आहे.

भाषेचा तिढा बघा. मराठीत शेजारी म्हटलं की डोळ्यांपुढे शेजारचा फ्लॅट येतो, ज्याच्याशी पार्किंगवरून बोलणं बंद आहे. लूकमधला शास्त्री विचारतो ‘माझा शेजारी कोण?’, म्हणजे हद्द कुठे संपते ते सांगा. येशू हद्द सांगतच नाही. गोष्ट सांगतो: वाटेत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला बघून याजक आणि लेवी बाजूने निघून जातात, आणि एक शोमरोनी थांबून त्याची काळजी घेतो. मग उलट विचारतो, या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण झाला? प्रश्न फिरवला की नाही? आणि शोमरोनी म्हणजे कोणी ‘भला माणूस’ नव्हे. यहुद्यांचं देवस्थान यरुशलेमला, त्यांचं गरिज्जीम डोंगरावर, दोघांत शतकांचं वैर. ऐकणाऱ्यांना ही गोष्ट झोंबली असणार.

अवांतर: पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, बायाबापड्यांना कळेल अशा बोलीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच ते छापलं. १९२२ला रमाबाई गेल्या, पुस्तक १९२४ला आलं. मिळालं तर एखादा अध्याय दोन्हींत ताडून बघा.

वसईचो_पोर

वर ताईंनी छान लिहिलंय. कॅथलिक बाजू मी सांगतो.

पहिलं, प्रत उघडून पुस्तकं मोजा. ६६ असली तर प्रोटेस्टंट, ७३ असली तर आमची. तोबित, यहुदीथ, मक्काबी वगैरे आमच्यात जास्त. भांडणात कोणी मक्काबीचा दाखला दिला आणि तुमच्या प्रतीत सापडला नाही तर गोंधळू नका.

भाषांतर हवं तर आमच्या फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल. मी पक्षपाती आहे, मान्य. पण वाचायला खरोखर सोपं, आणि टिपा अशा की शोमरोनी कोण हे शोधायला दुसरीकडे जावं लागत नाही. साहित्य अकादमीने अनुवादासाठी गौरवलंय. हेच दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

आता ओर्दो अमोरिस. व्हान्सनी ते हवेतून काढलेलं नाही, हे भाच्याच्या बाजूने सांगायलाच हवं. संत ऑगस्टीननी चौथ्या-पाचव्या शतकात लिहिलं की सगळ्यांचं भलं करणं माणसाला जमत नाही, तेव्हा स्थळ, काळ, प्रसंग यांनी जो तुझ्याजवळ आणला गेला त्याच्याकडे आधी बघ, जणू चिठ्ठी टाकून तो तुझ्या वाट्याला आलाय. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनी या क्रमावर अख्खं प्रकरण लिहिलं. आईबाप आधी, हे त्यांनाही मान्य.

पण चिठ्ठी टाकून म्हणजे काय? म्हणजे जवळ असणं हे रक्ताचंच असतं असं नाही. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर अर्धमेला पडलेला माणूस शोमरोन्याच्या वाट्याला तसाच आला. आणि अक्वायनस पुढे म्हणतात की परका माणूस जिवाच्या संकटात असेल आणि बापाला तेवढी निकड नसेल, तर काही वेळा परक्याला आधी मदत करावी. म्हणजे क्रम आहे, पण गरजेपुढे तो वाकतो. व्हान्सनी पहिलं अर्धं सांगितलं. पोपनी दुसऱ्या अर्ध्यावर बोट ठेवलं. आताचे पोप लिओ तेव्हा कार्डिनल प्रिव्होस्ट होते, त्यांच्या ट्विटर खात्यावरूनही व्हान्सवर टीका करणारा लेख पुढे पाठवला गेला होता, तेव्हा ते कोणत्या बाजूचे हे भाच्याला विचारायची गरज नाही.

बाय द वे, याजक प्रेताला शिवून विटाळ होईल म्हणून पुढे गेला असं आमच्याकडेही प्रवचनात सांगतात. गोष्ट नीट वाचा. तो यरुशलेमहून खाली उतरत होता. म्हणजे मंदिराकडे पाठ. सेवेला चालला असता तर सबब चालली असती.

तर्कटराव

चालू द्या. पण हे सगळं वाचून एवढंच कळतं की ज्याला जे हवं ते त्यात सापडतं. गुलामगिरीवाल्यांनाही सापडलं, गुलामगिरी मोडणाऱ्यांनाही.

धागाकर्तीने भक्तांकडून यादी घेण्यापेक्षा नव्या कराराचा (बायबलचा येशूपासून पुढचा भाग) अभ्यासक बार्ट अर्मन वाचावा. ‘मिसकोटिंग जीझस’, २००५. एक नमुना. मार्कच्या शेवटच्या बारा ओळी, पुनरुत्थान झालेला येशू दिसतो त्या, चौथ्या शतकातल्या सगळ्यांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीतच. तिथे पुस्तक संपतं बायका कबरीपासून पळून गेल्या आणि भीतीने कोणाला काही बोलल्या नाहीत, इथे. मग बातमीत वचन कोणत्या प्रतीतलं धरायचं?

नगरी_मिसळ

@तर्कटराव, अर्मन वाचाच, मीही वाचलाय. आमच्या पाळकसाहेबांनी बायबल क्लासमध्ये मार्कचा हा शेवट स्वतः सांगितला होता, छप्पर कोसळलं नाही. गंमत म्हणजे अर्मनचे गुरू ब्रूस मेट्झगर. तीच हस्तलिखितं, तेच पाठभेद. गुरू शेवटपर्यंत श्रद्धावान राहिले, शिष्य अज्ञेयवादी झाला. तेव्हा पाठभेदांतून आपोआप काही सिद्ध होतं असं नाही.

ज्याला हवं ते सापडतं, हे खरं. ज्ञानेश्वरीतही सापडतं. म्हणून तर एक ओळ उचलायची नाही, पान वाचायचं. २०१८मध्ये अमेरिकेच्या सीमेवर मुलं आईबापांपासून तोडली जात होती, तेव्हा त्यांच्या ॲटर्नी जनरलनी रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढला, सरकारचं ऐका. त्याच अध्यायात थोडं खाली लिहिलंय, प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही. पान उलटायचीही गरज नव्हती.

पानगळताई, जुन्या करारासाठी (बायबलचा येशूच्या आधीचा भाग) रिचर्ड फ्रीडमन यांचं ‘हू रोट द बायबल?’ घ्या, रहस्यकथेसारखं आहे. तुम्ही उत्पत्ती वाचलंत ना? नोहाने जनावरांची किती जोडपी घेतली, सहाव्या आणि सातव्या अध्यायात ताडून बघा. एकीकडे एकेक जोडपं, दुसरीकडे शुद्ध पशूंची सात-सात. असं का झालं ते तो सांगतो. इंग्रजी ऐकायला चालत असेल तर येल विद्यापीठाची क्रिस्टीन हेज यांची व्याख्यानं फुकट आहेत, भांडी घासताना ऐकण्याजोगी.

अश्दोदची_आत्या

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी, माहेर अलिबागकडचं, आता इस्राएलमध्ये अश्दोदला. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

तुम्ही सगळे ‘जुना करार’ म्हणता. म्हणा, मला राग नाही. पण आमच्याकडे तो जुना नाही, तोच आहे. आणि त्याचा क्रमही वेगळा. तुमचा मलाखी नावाच्या पुस्तकाला संपतो, पुढे येशू यायचा म्हणून. आमचा इतिहासाच्या पुस्तकाला संपतो, पारसाचा राजा कोरेश सांगतो की ज्याला यरुशलेमला जायचंय त्याने जावं. तीच पुस्तकं, पण शेवट बदलला की सगळी गोष्ट बदलते बघ बाळा.

परका होतास हे विसरू नकोस, हे आमच्या घरात दर वल्हांडणाला, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या सणाला, म्हणतात. त्या रात्री वाचायचं पुस्तक म्हणजे हागादा, तिची मराठी भाषांतराची प्रत पुण्यातच छापली होती, १८७४ला. माझी आजी त्यातूनच वाचायची, इसाराएल लोक मिसरातून निघाले ते मराठीतून निघाले असं मला लहानपणी वाटायचं.

बातमीचं म्हणशील तर आमच्या घरचं सांगते. ऑक्टोबर २०२३मध्ये नेतान्याहू म्हणाले, अमालेकाने तुझं काय केलं ते आठव. ते अनुवाद २५ मधलं, मिसरातून निघालेल्या इस्राएलांवर वाटेत हल्ला करणाऱ्या अमालेक लोकांबद्दलचं. जगाला आठवलं पहिलं शमुवेल १५, जिथे बायकापोरांसकट मारायला सांगितलंय, आणि दक्षिण आफ्रिकेने ते गाझावरच्या नरसंहाराच्या खटल्यात हेगच्या न्यायालयात मांडलं. पंतप्रधानांचं ऑफिस म्हणालं, आम्ही फक्त ‘आठव’ म्हटलं, ते वाक्य होलोकॉस्टच्या स्मारकांवरही आहे. माझा एक मुलगा ऑफिसच्या बाजूचा, दुसरा म्हणतो आठव म्हटल्यावर माणसाला पुढचं आपसूक आठवतं, हे पुढाऱ्याला कळायला हवं. मला दुसऱ्याचं पटतं. आमच्या रब्बींनी जुन्या काळीच सांगून ठेवलंय की अश्शूरच्या राजाने सगळी राष्ट्रं मिसळून टाकली, आता कोण कुठल्या वंशाचा ते ओळखता येत नाही, मग अमालेकी तरी कोणाला म्हणणार. हे मागचे दोन हजार वर्षांचे वाद माहीत नसताना वचन वाचलं तर हातात नुसता सुरा येतो.

पुस्तक हवं तर रॉबर्ट ऑल्टर यांचं इंग्रजी भाषांतर. महाग आहे, ग्रंथालयात बघ. सेफारिया नावाच्या साइटवर मूळ आणि टीका शेजारीशेजारी फुकट मिळते. आणि नवा करार यहुदी अभ्यासकांच्या टिपांसह एमी-जिल लेव्हाइन यांनी संपादित केलाय, तो तर घेच. शोमरोन्यावरची टीप वाच.

पानगळ

आत्या, दंडवत. सगळ्यांचेच आभार, वाचनखूण साठवली.

मार्क काल संपवला. कुकर दोनदा लागला मध्ये. इतका घाईत लिहिलेला असेल असं वाटलं नव्हतं, सारखं ‘लागलेच’, ‘तत्काळ’. लूक १० भाच्याला कॉलवर मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, पण मावशी, शोमरोन्याने त्याला घरी नाही नेलं, उतारशाळेत ठेवलं आणि पैसे दिले. आमचे हे पहिल्यांदा गप्प बसले.

अजून एक. दलित ख्रिश्चनांच्या आरक्षणाची बातमी सारखी येते. त्यावर धर्मशास्त्राच्या अंगाने काही वाचायला आहे का?

नगरी_मिसळ

भाच्याचा मुद्दा चोख आहे. फक्त त्याला पुढची ओळ वाचायला सांगा, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन म्हणतो तो. म्हणजे उधारी उघडी ठेवून गेला.

दुसरा प्रश्न माझ्या घरचा आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू. १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. २०२२ला माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमलाय. माझ्या आजोबांच्या भावाची नातवंडं बौद्ध, त्यांना दाखला मिळतो. आम्हाला नाही. वाडा तोच, विहीर तीच, गावात ओळखतातही त्याच नावाने.

वाचायला अरविंद निर्मळ. १९८०च्या दशकात त्यांनी दलित ईश्वरविज्ञान मांडलं, इंग्रजीत आहे. ते सुरुवात करतात अनुवाद २६ पासून, ‘माझा पूर्वज भटका अरामी होता’. आधी स्वतःची गोष्ट सांगा, देवाची त्यानंतर. चर्चमधल्या जातीवरही ते तेवढंच कडक बोलतात, हे आमच्या लोकांना कमी आवडतं.

तर्कटराव

मार्क वाचायला घेतला, मोबाइलवर. अकराव्या अध्यायात आहे. अंजिराला फळ नाही म्हणून झाडाला शाप दिला, आणि लिहिणारा स्वतःच सांगतो की अंजिरांचा हंगाम नव्हता. मग झाडाचा काय दोष?

नगरी_मिसळ

शाप आणि वाळलेलं झाड, या दोन्हींच्या मध्ये काय घडतं ते बघा. मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथतो तो प्रसंग आहे. मार्क असंच करतो, एका गोष्टीच्या पोटात दुसरी. पण यावर वेगळा धागा काढा बुवा, इथे अवांतर होईल.

तर्कटराव

काढतो. आधी अध्याय संपवू दे.