वेगळा प्रॉक्सी म्हणजे ‘२००२ सालचा उपद्व्याप’?

जुनी_खोड: काल एका महाशयांनी लिहिलंय, “जाहिराती नकोत तर ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन टाका आणि मोकळे व्हा. प्रिव्हॉक्सी वगैरे २००२ सालचा उपद्व्याप.” प्रिव्हॉक्सी म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्या मधे बसून जाहिराती गाळणारा प्रोग्रॅम, अर्थात प्रॉक्सी. दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, भागत नाही. एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, चालतं कुणाच्या मेहेरबानीवर? ब्राउझरवाल्याच्या. गूगलने मॅनिफेस्ट व्ही३, म्हणजे एक्स्टेन्शनसाठीचे नवे नियम, आणले आणि क्रोममधला जाहिराती अडवणारा यूब्लॉक ओरिजिन गेला, हातात राहिला तो ‘लाइट’. जाहिराती विकूनच जो जगतो त्याच्याकडे जाहिराती अडवायची परवानगी मागायची! माझा प्रॉक्सी ८११८ पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, निवांत बसलाय. ब्राउझर कुठलाही लावा, त्याला सोयरसुतक नाही.

तिरपागडा: ते महाशय मीच. एचटीटीपीएसचं, म्हणजे कुलूपबंद (एन्क्रिप्ट केलेल्या) कनेक्शनचं, काय करता? प्रॉक्सीला कनेक्टमधलं, म्हणजे जोडणी मागणाऱ्या विनंतीतलं, साइटचं नाव तेवढं कळतं, आतलं पान नाही. म्हणजे अख्खं डोमेन अडवा नाहीतर अख्खं सोडा. एवढ्यासाठी पाय-होल, म्हणजे घरच्या नेटवर्कवर नुसतं डोमेनचं नाव बघून अडवणारी गाळणी, पुरे. आणि व्हिडिओ नि जाहिरात एकाच सर्व्हरवरून आली की बसा हात चोळत.

जुनी_खोड: २०२० पासून, म्हणजे ३.०.२९ पासून, प्रिव्हॉक्सीत एचटीटीपीएस तपासणी, म्हणजे मधेच कुलूप उघडून आतलं पान बघायची सोय, आहे. स्वतःचं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर ब्राउझर बाकीची सर्टिफिकेटं खरी मानतो ते मूळ ओळखपत्र) बनवा, ब्राउझरला द्या, झालं. मॅन्युअल वाचायची सवय असली तर.

कुलूपवाली: ‘झालं’ काय झालं? २०१५ मध्ये लेनोव्होच्या लॅपटॉपांवर आधीच घातलेलं सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर सापडलं, त्याचीही पद्धत हीच. मधे बसून कनेक्शन फोडायचं आणि वर जाहिराती घुसवायच्या. सगळ्या मशीनवर सर्टिफिकेटची गुप्त किल्ली एकच, ती लोकांनी काढूनही दाखवली.

जुनी_खोड: कशाची तुलना कशाशी करताय? ते गुपचूप घातलेलं होतं. इथे किल्ली माझी, मशीन माझं.

कुलूपवाली: माझ्या आधीच्या ऑफिसातही ‘आपलाच’ तपासणी प्रॉक्सी होता. पलीकडच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट संपलं तरी ब्राउझर हूं की चूं करत नव्हता, कारण त्याला दिसायचं ते प्रॉक्सीने छापलेलं ताजं सर्टिफिकेट. ओरडायला हवं होतं प्रॉक्सीने, त्यात सर्टिफिकेट तपासणंच कुणीतरी बंद करून ठेवलेलं. मी तक्रार केली तर मलाच विचारलं, तुम्हाला काय अडचण आहे?

तिरपागडा: शिवाय अँड्रॉइड ७ पासून अ‍ॅप्स तुम्ही घातलेलं सर्टिफिकेट आपणहून मानत नाहीत. फोनवर तुमचा निवांत प्रॉक्सी काय करतो?

पोटार्थी: साइट चालवणाऱ्याने खायचं काय, हे एकानेही विचारलेलं नाही. सर्व्हरचं बिल माझ्या खिशातून जातं.

जुनी_खोड: तुमची साधी चित्राची जाहिरात मी सोडली असती हो. पण तिच्याबरोबर वीस ठिकाणचे ट्रॅकर, म्हणजे वाचकावर पाळत ठेवणारे, येतात, त्यांचं बिल कोण भरतं?

पोटार्थी: जाहिरात नेटवर्क आम्हाला निवड देतं असं वाटतं का तुम्हाला? असो. फुकट वाचा.

तिरपागडा: मूळ मुद्द्यावर या. टीव्हीत किंवा ज्यात एक्स्टेन्शन बसतच नाही अशा ब्राउझरसाठी वेगळी गाळणी लागते, मान्य. घ्या, लावा तोरण! पण पानातली रिकामी चौकट पुसायची, स्क्रिप्टने मागाहून टाकलेली जाहिरात लपवायची, तर ब्राउझरच्या आतच बसावं लागतं.

जुनी_खोड: तेवढ्यापुरता फायरफॉक्समध्ये यूब्लॉक आहेच माझ्याकडे.

तिरपागडा: म्हणजे एक्स्टेन्शन आहे! मग काल माझ्यावर एवढी आगपाखड कशाला?

जुनी_खोड: ‘मोकळे व्हा’ म्हणालात म्हणून. आणि कुलूपताई, बँक आणि मेल तपासणीतून वगळलेत. आता तरी समाधान?

कुलूपवाली: किल्लीची फाइल कुठे ठेवलीय आणि बॅकअपबरोबर ती कुठे कुठे जाते, ते अजून सांगितलेलं नाही तुम्ही.