आईला व्हॉट्सॲपवर 'क्राइम ब्रँच'चा व्हिडिओ कॉल, परत आला तर काय करायचं?

कोथरूडची_लेक:
आई कोथरूडला एकटी असते, वय 71. काल दुपारी व्हिडिओ कॉल, खाकी वर्दी, मागे पोलिसांचा लोगो, म्हणे तुमच्या आधारवर कुरियर गेलंय त्यात ड्रग्ज सापडले, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही आणि मुलांना अजिबात सांगायचं नाही. नशीब शेजारच्या काकूंनी बेल वाजवली आणि कॉल कट झाला. पैसे गेले नाहीत, पण आधार नंबर सांगून बसलीये आणि शिक्क्याची नोटीस आलीये. रात्री जेवली पण नाही. मी बंगलोरला, काय करू?

पेठेतला_वकील:
ताई, आधी आईंना सांगा की डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाहीच. हजर राहायची नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपास-अटकेचा कायदा) कलम 35 खाली निघते आणि ती व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्येच सांगितलंय. आणि खरी अटक झाली तर घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, म्हणजे 'कोणाला सांगू नका' म्हणणारा पोलीस नाहीच, हे एवढं एक वाक्य त्यांच्या डोक्यात पक्कं बसवा.

एफडीवाले_काका:
मी बँकेत काउंटरवर होतो. अशी माणसं एफडी मोडायला येतात तेव्हा बरेचदा खिशात फोन चालूच असतो, पलीकडचा ऐकत असतो, आपण विचारलं तर मुलीचं लग्न, फ्लॅट घेतोय असं पढवलेलं उत्तर. फार वाईट वाटतं हो बघून. म्हणून आईंच्या ब्रँचमध्ये एकदा जाऊन मॅनेजरला भेटा. आणि देव न करो पण पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, कारण पैसे तासाभरात या खात्यातून त्या खात्यात फिरतात, आणि मधल्या खात्यात असतानाच अडवता येतात.

कोथरूडची_लेक:
थँक्यू दोघांना. पैसे गेले नाहीत तरी तक्रार घेतात का? आई म्हणते नोटीस डिलीट करून टाकते, बघवत नाही.

पेठेतला_वकील:
डिलीट नको! स्क्रीनशॉट, नंबर, वेळ सगळं ठेवा. पैसे न गेलेल्या कॉलसाठी संचार साथी या सरकारी टेलिकॉम पोर्टलवर 'चक्षू' म्हणून संशयास्पद कॉल कळवायची सोय आहे, तिथे टाका, तिथेच आईंच्या नावावर किती सिम आहेत तेही दिसेल. आधारचं बायोमेट्रिक आजच लॉक करा, ओटीपी आईंच्या मोबाईलवर येईल, तेव्हा काकूंना शेजारी बसवा.