एमएस की एनएमओ? इंटरफेरॉन सुरू करण्यापूर्वी दुसरे मत घ्यावे का?

प्रश्न

माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची आहे. उन्हाळ्यात तिला उचक्या आणि उलट्या सुरू झाल्या आणि बरेच दिवस थांबल्याच नाहीत. त्या वेळी एंडोस्कोपी करून पित्ताची औषधे देण्यात आली. त्यानंतर महिनाभरातच तिच्या दोन्ही पायांतील शक्ती गेली आणि लघवी अडली. एमआरआयमध्ये मज्जारज्जूला चार मणक्यांच्या लांबीएवढी सूज दिसली. शिरेतून स्टेरॉइड दिल्यावर पाय थोडे हलू लागले आहेत. न्यूरॉलॉजिस्टना एमएसची (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणाचा आजार) शंका असून इंटरफेरॉन हे त्यावरचे औषध सुरू करण्याचा त्यांचा विचार आहे. मज्जासंस्थेच्या ऑटोइम्यून आजारांचेच (ज्यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते) काम करणाऱ्या मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवणे आवश्यक आहे का?

प्रतिसाद १

मी फिजिशियन आहे. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही. तरीही दीर्घकाळ न थांबणाऱ्या उचक्या-उलट्या आणि तीन किंवा अधिक मणक्यांपर्यंत पसरलेली सूज, या दोन गोष्टी एकत्र आल्या की न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ, हा प्रामुख्याने मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांना दाह करणारा ऑटोइम्यून आजार आधी पडताळावा लागतो. उलटीचे केंद्र मेंदूच्या बुंध्यात असते आणि या आजारात तेथेही दाह होतो, म्हणून कित्येक रुग्ण प्रथम पोटाच्या डॉक्टरांकडे जातात.

डेविक या डॉक्टरांनी १८९४ मध्ये फ्रान्समध्ये वर्णन केलेला हा आजार पुढे दीर्घकाळ एमएसचाच प्रकार समजला जाई. २००४ मध्ये मेयो क्लिनिकमधील व्हँडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या रुग्णांच्या रक्तात एक वेगळे प्रतिपिंड (अँटिबॉडी) आढळले आणि ते पेशींवरील ॲक्वापोरिन-४ या पाण्याच्या वाहिनीवर हल्ला करते, हे पुढच्याच वर्षी स्पष्ट झाले. हा भेद उपचारांच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचा आहे, कारण इंटरफेरॉन बीटा, फिंगोलिमोड व नॅटालिझुमॅब या एमएसच्या औषधांनी एनएमओमध्ये आजार बळावू शकतो. म्हणून ॲक्वापोरिन-४ आणि मॉग (मज्जातंतूंच्या आवरणावरील एक प्रथिन) या दोन्हींविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी सेल-बेस्ड पद्धतीने, म्हणजे पेशी वापरून, करून घ्यावी व अहवाल येईपर्यंत इंटरफेरॉन थांबवता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. पायांत पुरेशी सुधारणा होत नसेल, तर प्लाझ्मा एक्स्चेंजचा (रक्तातील द्रव भाग बदलून प्रतिपिंडे काढण्याचा) निर्णय लवकर व्हायला हवा. त्यासाठी मुंबईच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. तपासणीचे रक्त मात्र प्लाझ्मा एक्स्चेंजच्या आधी काढावे.

प्रतिसाद २

मला स्वतःला एनएमओ आहे. दुसरे मत अवश्य घ्या. या आजारात अपंगत्व प्रामुख्याने प्रत्येक झटक्यातून, म्हणजे आजार अचानक उफाळण्यातून, साचत जाते, त्यामुळे पुढचा झटका रोखणे हाच उपचारांचा गाभा असतो. मला रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्तीच्या काही पेशी कमी करणारे औषध देतात; सुरुवातीला पंधरा दिवसांच्या अंतराने दोन मात्रा आणि पुढे साधारण सहा महिन्यांनी. त्यापूर्वी हिपॅटायटिस बी आणि क्षयरोगाच्या तपासण्या केल्या होत्या. त्या टाळू नयेत. ॲझाथायोप्रिनसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या तुलनेने स्वस्त आहेत, परंतु त्यांचा परिणाम दिसायला काही महिने लागतात व तोपर्यंत स्टेरॉइडच्या गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. स्टेरॉइडच्या त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणखी एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती, तर पुष्कळ भीती वाचली असती. या आजारात कधी कधी पाय काही क्षण ताठ होऊन तीव्र कळा येतात. तो नवा झटका नसतो आणि कार्बामाझेपिन या फिट्सवरील औषधाच्या लहान मात्रेने बहुतेकांना आराम पडतो. डोळा दुखून अंधुक दिसू लागले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आमच्या डॉक्टरांनी इंटरफेरॉन थांबवले असून आज रक्त तपासणीसाठी पाठवले आहे. मुंबईला जाताना काय न्यावे?

प्रतिसाद १

केवळ अहवाल पुरेसे नाहीत. एमआरआयच्या मूळ प्रतिमांची सीडी न्या. उन्हाळ्यातील उलट्यांच्या वेळची कागदपत्रेही न्या आणि ती घटना प्रथम सांगा.