पहिल्या उड्डाणाआधी काय तपासायचं राहिलंय?

प्रश्न
घरी बांधलेलं दोन आसनी विमान, चाक नाकाखाली, रोटॅक्स 912 यूएलएस इंजिन, टाक्या पंखांत. इंजिन जमिनीवर 5 तास चालवलं, कुठे अडखळलं नाही. आता धावपट्टीवर जोरात पळवून, जमलं तर चाकं वीतभर उचलून बघायचा बेत आहे. त्याआधी काय राहिलं?

उत्तर 1
इंधन. उभ्या विमानात, बहुतेक वेळ कमी थ्रॉटलवर काढलेल्या 5 तासांनी पुरवठ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पुढचं चाक उंच करून नाक सर्वांत तीव्र चढाईच्या कोनाहून साधारण 5 अंश वर ठेवा. टाकीत थोडंच इंधन ठेवा. कार्ब्युरेटरकडच्या नळ्या सोडून विजेचा पंप लावा आणि इंधन मोजपात्रात घ्या. परतीच्या नळीतून टाकीत जाणारं धरायचं नाही. हे इंजिन पूर्ण ताकदीवर ताशी 27 लिटर पितं. पंप असेल तर त्याच्या 125 टक्के, म्हणजे 33.75 लिटर मिळायला हवं: 1 लिटर 107 सेकंदांत. नुसत्या उतारावर येत असेल तर 150 टक्के, म्हणजे 89 सेकंद. कमी भरलं तर जोडांत शिरलेलं सीलंट, मुरगळलेली नळी आणि टाकीची हवेची नळी बघा. तिच्यात कुंभारमाशी घर करते!

भांडं आणि विमान तारेने जोडून घ्या. ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

टाकी बदलायचा कॉक मान न वळवता हाताला लागला पाहिजे. 1997 मध्ये गायक जॉन डेन्व्हर घरी बांधलेल्या ज्या लाँग-ईझेड विमानाच्या अपघातात गेले, त्यात तो डाव्या खांद्यामागे होता.

उत्तर 2
वजन केलंत का? कागदावरचं नको, तीन काट्यांवरचं हवं, विमान उड्डाणाच्या पातळीत ठेवून. अंतरं आराखड्यातल्या एका ठरलेल्या रेषेपासून मोजा. समजा नाकाच्या चाकावर 70 किलो, अंतर 0.90 मीटर, मुख्य चाकांवर मिळून 240 किलो, अंतर 2.40 मीटर. 63 अधिक 576, भागिले 310: गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोललं जातं तो बिंदू, 2.06 मीटरवर. आता 10 किलोची बॅटरी शेपटीत 5 मीटरवर बसवा, तो 2.15 वर जातो. त्याला पुढे-मागे सरकायची मर्यादा जेमतेम 20-25 सेंमीची, त्यातले 9 गेले. नाक जड असलं तर उतरताना त्रास होतो. शेपूट जड असली तर विमान स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल तुटलेल्या अवस्थेतून, बाहेरच येत नाही.

उत्तर 3
वीतभर उचलायचा बेत सोडा. त्या वेगाला पोचेपर्यंत पट्टी बरीच संपलेली असते. थ्रॉटल ओढला तरी विमान तरंगत राहतं, मग आपटून उड्या मारतं. उरलेल्या पट्टीत गरम ब्रेक कितपत धरतील? चालण्याच्या वेगाने ब्रेक आणि वळणं तपासा, तेवढं पुरे. उडायचं तर पूर्ण तयारीनिशी, एकट्याने.

एलेरॉनच्या, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या पट्ट्यांच्या, तारा उलट जोडल्या जातात, अनुभवी हातांकडूनही. स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, अंगठा वर ठेवून धरा आणि डावीकडे न्या: अंगठा ज्या बाजूला झुकेल, तिकडचा एलेरॉन वर उठला पाहिजे.

प्रश्नकर्ता
वजन रंगाआधी केलं होतं. एलेरॉनही तेव्हाच तोलले.

उत्तर 2
मग दोन्ही परत. बिजागरीच्या मागे चढलेला रंग तोल मागे नेतो आणि वेग वाढला की फ्लटर, म्हणजे अनावर फडफड, सुरू होतो. एलेरॉन सुटा करून बिजागरीवर टांगा. मागची कड आराखड्यातल्या मापापेक्षा जास्त झुकली तर पुढच्या टोकाला शिसं वाढवा.