क्युबा १९६२ : केनेडी जिंकला की दोघंही मागे सरले?

पाणकावळा :
रशियानं क्युबात अणुमिसाईलं नेली, अमेरिकेनं ती काढा म्हणून दम भरला, रशियाचा नेता ख्रुश्चेव्हनं शेपूट घातलं आणि अमेरिकेचा अध्यक्ष केनेडी जिंकला, हे इतक्यांदा ऐकलंय की कोणी तपासतच नाही. मला ते पटत नाही. २७ ऑक्टोबर १९६२ घ्या, त्या दिवशी क्युबावर अमेरिकेचं यू-टू हे टेहळणी विमान पाडलं गेलं, वैमानिक मेजर अँडरसन गेला, आणि त्याच संध्याकाळी अध्यक्षाचा भाऊ आणि अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडीनं रशियाचा राजदूत दोब्रिनिनला ऑफिसात बोलावून सांगितलं की तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर अणुमिसाईलं चार-पाच महिन्यांत निघतील, पण वाच्यता करायची नाही. दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्हनं माघार जाहीर केली आणि एप्रिल १९६३ मध्ये ज्युपिटर पण गेली. मग हा सरळसरळ सौदाच झाला ना? वर क्युबावर हल्ला करणार नाही हा शब्द मिळाला तो वेगळाच.

गवती चहा :
असहमत. सौदा झाला हे मान्य, पण कुरापत कोणी काढली? मिसाईलं लपूनछपून क्युबात नेली ती रशियानं. १८ ऑक्टोबरला रशियाचा परराष्ट्रमंत्री ग्रोमिको व्हाईट हाऊसमध्ये बसून केनेडीला सांगत होता की क्युबाला मदत फक्त संरक्षणासाठी आहे, आणि केनेडीनं मिसाईलचे फोटो दोन दिवस आधीच बघितलेले! ज्युपिटर तशीही जुनाट, उघड्यावर उभी, डागायच्या आधी इंधन भरत बसायचं. हवाईदल प्रमुख लेमेसारखे जनरल बॉम्ब टाका म्हणून मागे लागलेले असताना केनेडीनं क्युबाच्या समुद्री नाकेबंदीवर निभावलं, याला मी जिंकणंच म्हणतो.

पाणकावळा :
जुनाट असतील हो, पण ज्यांच्यावर रोखलेली त्यांना काय त्याचं. आणि जिंकलाच होता तर सौदा लपवला कशाला? माझा खरा राग इथे आहे. लोकशाहीचं नाव घेणाऱ्या देशानं स्वतःच्याच लोकांना वर्षानुवर्षं भासवलं की नुसता दम भरला आणि समोरचा पळाला. पुढे व्हिएतनाममध्ये त्याच समजुतीवर बॉम्ब टाकत राहिले असं माझं ठाम मत आहे.

गवती चहा :
उघड केलं असतं तर नाटोत फूट पडली असती, तुर्कस्तान त्या लष्करी आघाडीतलाच. आणि दुसऱ्या बाजूचं पण बोला की, क्युबाचा नेता कॅस्ट्रोला माघार बातम्यांतून कळली, मिसाईलं त्याच्या जमिनीवर आणि त्याला साधं विचारलं पण नाही.

भुईनळा :
तुम्ही दोघं नेत्यांचंच बोलताय. त्याच २७ तारखेला बी-५९ ही रशियन पाणबुडी पाण्याखाली अडकली होती, वरून अमेरिकन नौदल इशाऱ्याचे छोटे सुरुंग टाकतंय, आत भट्टीसारखा उकाडा, हवा कोंदलेली, मॉस्कोशी संपर्क नाही, वर युद्ध सुरू झालंय का तेही कळत नाही, आणि सोबत अणुटॉर्पेडो. कॅप्टन साविट्स्की तो वापरायच्या बेताला आला, त्याच पाणबुडीवरच्या आर्खिपोव्ह या अधिकाऱ्यानं त्याला थोपवलं. त्या टॉर्पेडोचा केनेडीला पत्ताच नव्हता. मग केनेडीनं सगळं निभावलं असं कसं म्हणायचं?

डोंगरवाट :
आणि आपलं काय झालं ते? २० ऑक्टोबरला चीन आपल्यावर चालून आला, २५ ला रशियन कम्युनिस्ट पक्षाच्या प्रावदा या वृत्तपत्रानं चीनचीच री ओढली, कारण क्युबाच्या भानगडीत ख्रुश्चेव्हला चीन दुखवायचा नव्हता. नोव्हेंबरात मिसाईलं निघाली तशी मॉस्कोची भाषा बदलली. अमेरिकेनं २० नोव्हेंबरला नाकेबंदी उठवली, चीनची युद्धबंदीची घोषणा २१ ची. मधल्या महिन्यात आपले जवान नेफात (आताच्या अरुणाचलात) आणि लडाखमध्ये मरत होते.