दहा वर्षांनी तुम्ही कुठं? ('पुण्यात' सोडून सांगा)

शहापूरकर (धागा माझाच)
परवा माळा साफ करताना पीयूसीतली (अकरावी-बारावीतली) वही सापडली. मागच्या पानावर '२०२१ मधला मी' असं हेडिंग, तारीख जून २०११, आणि खाली सहा ओळी. पुण्यात नोकरी, पुण्यात टू बीएचके, बुलेट, आईबाबांना पुण्याला आणणं, वगैरे. त्यातली बुलेट तेवढी आली, ती पण सेकंडहँड. पण वाचताना लक्षात आलं ते वेगळंच, सहा ओळीत पुणं चार वेळा आलंय आणि मी काम काय करणार ते एकदाही नाही. आपल्या बेळगावकडच्या मराठी पोरांचं असंच असतंय काय? पीयूसी झाली की 'पुढं काय' याचं उत्तर गावाचं नाव असतंय, कामाचं नसतंय. कारणं आहेत, इथल्या सरकारी नोकरीला कन्नड आडवं येतंय, १९५६ पासूनचा सीमाप्रश्न आणि २००४ पासून तो सुप्रीम कोर्टात, सगळं मान्य. पण त्यावर भांडायला हा धागा नाही (भांडायचं असेल तर संध्याकाळी कट्ट्यावर या, चहा मी सांगतो). इथं एवढंच सांगा, तुम्ही लांबचं काय ठरवलेलं, त्याचं काय झालं, आणि आता पुढचे तुम्ही डोळ्यासमोर आणलात तर कोण दिसतंय.

कॅम्पातला
पुणे.
सॉरी, पण पुणे.

जांबोटीकडचा
आमच्यात ध्येय बिय म्हणत नाहीत, झाड लावतात. २०१४ ला माळावर काजूची १२० कलमं लावली. वडील म्हणाले भात आहे, रताळी आहेत, हे कशाला आणि, चार वर्षं बी दिसायची नाही. बरोबर बोलले. चौथ्या वर्षी दोन पाट्या बिया, त्यातल्या एका पाटीच्या पाहुण्यांनीच भाजून खाल्ल्या. नीट पैसा दिसायला आठ-दहा वर्षं जातात हे मला माहीत होतं, पण मधली वर्षं कशावर काढायची हे मी ठरवलंच नव्हतं, म्हणजे दहाव्या वर्षीचा मी डोळ्यासमोर एकदम स्पष्ट, झाडाखाली खुर्ची टाकून बसलाय, आणि तिसऱ्या वर्षीच्या माझा पत्ताच नाही. पहिल्या पावसाळ्यात गव्यांनी रोपं तुडवली, माझा माळ त्यांच्या पण प्लॅनमधे होता. राहिली ८०. रताळी चालू ठेवली म्हणून टिकलो, पावसाळ्यात वेल लावला की दिवाळीच्या पुढंमागं हातात काहीतरी येतंय. रताळी सोडली असती तर काजू मोहरायच्या आधी मी पण पुण्यात वॉचमन असतो.
खुर्ची अजून टाकली नाही. वेळ नाही.

व्हॅक्सिन डेपोवर पळणारा
मी १९ चा. माझा प्लॅन दहा वर्षांचा नाहीच, साडेपाच मिनिटांचा आहे, १६०० मीटर. ५:५२ वर अडकलोय. लहानपणापासनं मिलिटरीच्या मराठा सेंटरच्या गेटवरनं शाळेला गेलो त्यामुळं दुसरं काय सुचलंच नाही. आता अग्निवीर म्हणजे चार वर्षं, आणि नंतर शंभरात जास्तीत जास्त पंचवीस ठेवून घेणार. घरात रोज विचारतात, उरलेल्यात आलास तर? तर मी चोविशीत रिटायर झालेला माणूस असणार, आणि त्या माणसाला मी अजिबात ओळखत नाही. त्याचा विचार करत पळालो की टायमिंग बिघडतंय म्हणून सध्या सोडून दिलाय.

शहापूरकर
सोडू नको गा, त्याच्यासाठी रविवार ठेव. रविवारी पळत नाहीस ना?

वडगावची
मी पुण्याला गेलो होतो, आयटीत, सहा वर्षं. (होय, बाई आहे आणि 'गेलो'च म्हणतो, आमच्यात असंच बोलतात, माहीत असलेल्यांना सांगायला नको.) तिथं पहिल्याच आठवड्यात रूममेटनी 'गेले म्हण, आले म्हण' करून मला दुरुस्त करायला घेतलं. मी पण मनावर घेतलं, कारण कॉलेजात असल्यापासनं माझ्या डोक्यात एक बाई होती, लॅपटॉपची बॅग, केस सरळ, आणि ती 'आले' म्हणायची. तिसऱ्या वर्षी मी जवळजवळ ती झालो. फक्त ती बाई म्हणजे हुबेहूब माझी मामेबहीण आहे हे समजायला अजून दोन वर्षं गेली. तिचंच आयुष्य, मी मापाला बसतो काय बघत होतो.
लॉकडाऊनला घरी आलो आणि परत गेलो नाही. पगार कमी आहे, गल्लीतले माग सकाळी सुरू झाले की कॉलवर म्यूट करायला लागतंय. दहा वर्षांनंतरची मी बोलताना 'आलो' म्हणतो एवढं नक्की ठरलंय, बाकी सगळं ईएमआयवर.

उद्यमबाग, मोल्डिंग शॉप
मला लिहायला येत नाही तुमच्यासारखं. वय ४६, फौंड्रीत २२ वर्षं. पोरानं मोबाईलवर माझा म्हातारा फोटो करून दाखवला, सगळी हसली. मी बघितलं तर अण्णा, माझे वडील. अण्णा पण भट्टीवरच होते, शेवटी शेवटी रात्रभर खोकायचे आणि औषधाचे पैसे माझ्याकडं मागायला लाजायचे. मला हसू आलं नाही. आठ दिवसात पोस्टात जाऊन पीपीएफचं खातं काढलं, १५ वर्षांचं, म्हणजे ६१ ला सुटणार. आधी भिशी होती खरं भिशीचा पैसा गणपतीत येतोय आणि गणपतीतच जातोय.

कॉलेजात शिकवणारी
काका, तुमच्यावर संशोधन झालंय म्हणा की. हॅल हर्शफील्ड म्हणून संशोधक आहेत अमेरिकेत, त्यांनी २०११ साली हेच केलेलं, लोकांना त्यांचाच म्हातारा चेहरा दाखवला तर ते निवृत्तीसाठी जास्त पैसे बाजूला काढायला तयार झाले. एरवी पुढचा 'मी' आपल्याला परका माणूस वाटतो आणि परक्यासाठी कोण पोस्टात जातंय. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएल ऑटिंगन यांचं पण वाचण्यासारखं आहे, नुसतं गोड गोड स्वप्न बघितलं की अंगातला जोर उलट कमी होतो, त्यामुळं सोबत आडवं काय येणार ते पण बघा. जांबोटीवाल्यांच्या भाषेत, गवे.
आणि एक सांगतोच, दरवर्षी कोणीतरी पाहुणा येऊन पोरांना ऐकवतो की येल विद्यापीठात १९५३ साली ज्या ३ टक्के पोरांनी ध्येय लिहून ठेवलं ती बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत झाली. असा अभ्यास झालाच नाही! येलवाल्यांनी शोधून सांगितलंय. तरी टाळ्या पडतात.

हुक्केरी रोड
माझं ध्येय ऐकून हसाल. पन्नाशीच्या आत तालुका ऑफिसात एजंटाशिवाय जाऊन आपल्या जमिनीचा कन्नडमधला उतारा आपण वाचणं. वय ३४, शिक्षण मराठीत, शाळेत कन्नडचा पेपर पाठांतरावर काढलेला. शेजारच्या सातवीतल्या पोरीकडं रोज वीस मिनिटं शिकायला बसलो, ती मास्तरणीसारखी छडी घेऊन. पाच महिन्यात वाचला. सोळा वर्षं धरलेली, पाच महिन्यात झालं, आता उरलेल्या वर्षात काय करायचं? वडिलांना सांगितलं तर दोन दिवस बोलले नाहीत, सीमा आंदोलनातला माणूस. तिसऱ्या दिवशी स्वतःच त्यांचा उतारा घेऊन आले, 'हे बघ जरा'.

निपाणीची
आईला ध्येय विचारलं असतं तर तिनं आकडा सांगितला असता. हजार. दिवसाला हजार विड्या, मी नर्सिंगला असेपर्यंत. मी स्टाफ नर्स झालो तेव्हा विचारलं, तू स्वतःचं पुढचं काय बघितलेलीस? म्हणाली, पाठ टेकून झोपायचं, दुपारी.
आता झोपते. खरं झोपेत पण बोटं हलतात.

व्हॅक्सिन डेपोवर पळणारा
आज ५:४७. पाऊस होता.

शहापूरकर
वाचून वाचून मी पण काल नवीन पान काढलं. '२०३५ मधला मी'. आधी काम लिहायचं ठरवलेलं तसं लिहिलं, दुकान हेच, पण गिऱ्हाईकाची वाट बघत बसणारं नाही, रिपेरिंगचं, दोन पोरं हाताखाली. मग सकाळी किती वाजता उठतो, शटर कोण उघडतंय, गवे कुठले, असं अर्धं पान भरलं. पुणं एकदाही आलं नाही, म्हणून खुश होऊन बायकोला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं आणि विचारलं, ह्यात मी कुठाय?
वही सध्या तिच्याकडं आहे.