बाळाच्या एमआरआयसोबत स्पेक्ट्रोस्कोपी कशाला?

धाकट्याचा_बाबा: बाळ जन्मल्यावर रडलं नाही. सहा तासांच्या आत कूलिंग सुरू केलं, ७२ तास ३३.५ अंशांवर ठेवलं. आता एमआरआय आहे आणि फॉर्मवर स्पेक्ट्रोस्कोपीही लिहिलीय. राउंडला डॉक्टर ‘मेंदूचं मेटाबॉलिझम बघू’ म्हणाले आणि पुढच्या बाळाकडे गेले. मेटाबॉलिझम एमआरआयमध्ये दिसतं? त्यासाठी पीईटी असतं ना? झोपेचं औषध देतात का?

चुंबकखोली: एमआरआय टेक्निशियन आहे, बहुतेक नवजात बाळांचेच स्कॅन करते. मशीन तेच, रेडिएशन नाही. फक्त फोटोऐवजी आलेख मिळतो. मेंदूत, बहुधा थॅलॅमसपाशी (मेंदूच्या खोल मध्यभागी), एक छोटा चौकोन आखून आम्ही तिथल्या रसायनांचे सिग्नल घेतो. डॉक्टर मुख्यतः दोन बघतात. एनएए हे रसायन चेतापेशींत असतं, पेशी मेल्या की ते उतरतं. लॅक्टेटचं जोडशिखर आलेखाच्या आडव्या पट्टीवर १.३ पीपीएमपाशी येतं. ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणं पेशींना जमत नसेल तर ते साठतं. श्वास सुरू झाल्यावरही काही तासांनी ऊर्जा पुन्हा ढासळू शकते, कूलिंग ते टाळण्यासाठीच होतं.

एक विनंती. तुमच्या बाळाचा आलेख नेटवरच्या मोठ्या माणसाच्या आलेखाशी ताडू नका. नवजात बाळात कोलीन (पेशींच्या आवरणाशी जोडलेलं रसायन) उंच आणि एनएए ठेंगणं असणं नॉर्मल आहे. मोठ्यांत तसं दिसलं तर आम्हीही दचकतो.

औषध बऱ्याचदा लागत नाही. दूध पाजून, कान झाकून, घट्ट गुंडाळलं की झोपतात. हललं मात्र की आलेख बिघडतो.

पीजी_रात्रपाळी: पीईटीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. १९८०च्या दशकात चुगानी आणि फेल्प्स या संशोधकांनी बाळांवर हे केलं. अगदी लहान बाळांत थॅलॅमस, ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) आणि हालचाल-संवेदनांचं कॉर्टेक्स जास्त ग्लुकोज वापरताना दिसलं; कपाळामागचा भाग कित्येक महिन्यांनी जोर धरतो. अभ्यास म्हणून भारीच. पण रेडिएशन आलं, आणि तुमच्या डॉक्टरांना हवंय ते एमआरआयमध्येच मिळतं.

धाकट्याचा_बाबा: लॅक्टेट निघालं तर संपलंच का?

चुंबकखोली: नाही हो. किती, कुठे, कितव्या दिवशी, एनएएच्या मानाने किती, हे सगळं बघतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत थोडं असतंच. फोटो, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) आणि तपासणी एकत्र मांडल्याशिवाय डॉक्टर काही बोलणार नाहीत, आणि बोलूही नये. चौकोन कुठे आखला होता आणि बाळ हललं होतं का, एवढं मात्र विचारून घ्या. आणि धातूच्या टिचबटणांचं झबलं घालू नका, नाड्यांचंच आणा.